आट

शाहूपुरीच्या तिसऱ्या गल्लीतून डिस्क आणली,
चंदेरी पिशवीत, सोबत
‘खाऊ नये’ लिहिलेली दाण्यांची पुडी.
दुकानदार म्हणाला, लावायची आन् विसरायची.

लावली.
काळ्या पडद्यावर एकच ओळ: ग्रब रेस्क्यू.
तिच्यापुढं लुकलुकणारी रेघ.
सुटकेचं नाव इतक्या कोरडेपणानं
आजवर कुणी घेतलं नव्हतं माझ्यासमोर.

आमच्या या खोक्यात दोन बिऱ्हाडं.
एक विंडोज: तिथं अण्णांचे पॅटर्न,
पंपांचे इंपेलर, उसाच्या चरकाचे दाते,
लाकूड तासायच्या आधी काढलेली
चौदा वर्षांची ड्रॉइंगं.
दुसरं लिनक्स, माझं.
भिंत एक, पण घड्याळं जुळत नाहीत;
याच्याकडून त्याच्याकडं गेलं की
वेळ साडेपाच तास सरकलेली असते.
आणि विंडोजला माझं घर दिसतं
ते मोकळा प्लॉट म्हणून.
फॉरमॅट करायचा का, विचारतं,
अगदी अदबीनं.

उद्यमनगरात रात्रीचे पावणेबारा.
समोरच्या फौंड्रीत कुपोल्याची शेवटची ओत,
आमच्या काचेवर नारिंगी उजेड येत-जात होता.
दस्तगीरभाई चहाची किटली घेऊन आले,
कोपरापर्यंत काळी वाळू.
“वायर बदललीस?”
बदलली.
“उलटी लावून बघितलीस?”
उलटी बसत नाही, भाई.
“मग जागा बदल की. आमचा नवा पोरगा
मुकादमाच्या खुर्चीत बसला परवा,
आख्खी पाळी त्यालाच विचारत बसली.”
मी हसले. ते गेले. चहा गार झाला.

तासाभरानं दोन अक्षरं टाईप केली, एल, एस,
आणि खोक्यानं आपली माणसं मोजून दाखवली.
जुनी डिस्क दुसरी.
नवी, कोरी, जिच्यात अजून
कुणी पाणीसुद्धा भरलेलं नाही, ती पहिली.
मीच बसवलेली पहिल्या खोबणीत,
केबल तिथवर पुरत होती म्हणून.
आणि मशीन बापडं
रोजच्या सवयीनं पहिल्या दारावर
टकटक करत उभं.

केबलींची अदलाबदल. एक स्क्रू टेबलाखाली गेला,
तो अजून सापडलेला नाही.
यादी आली पडद्यावर, दोन्ही नावं, खाली-वर.
मग लिनक्समधे जाऊन मी नव्या डिस्कची ओळख लिहिली:
कितव्या नंबरची, ते नाही.
तिचं छत्तीस अक्षरांचं लांबलचक नाव,
मधल्या आडव्या रेघांसकट,
चुकू नये म्हणून तोंडानं म्हणत.
आता कुठल्याही खोबणीत बसू दे तिला.

सकाळी अण्णांनी पडद्याला नाक लावलं.
“हजारचे पैसे दिलेस ना? हितं नऊशे एकतीस.”
मला वाटलं, दुकानात जायला निघतील.
त्यांनी भिंतीवरची आटीची पट्टी काढली,
पॅटर्नवाल्यांची, जिचा इंच
इंचापेक्षा थोडा मोठा असतो,
कारण धातू निवताना अंग चोरतो.
“बिडाला शंभराला एक. पोलादाला दोन.
वैजे, शंभराला सात आटतंय,
हा कसला धातू म्हणायचा?”
मी सांगू लागले: विकणारा हजारानं मोजतो,
मशीन मोजतं एक हजार चोवीसनं…
अर्ध्यातच हात वर केला त्यांनी.
“म्हंजे दोघांची पट्टी वेगळी.
मग आधीच धरायची आट. एवढं कळंना व्हय तुला?”

कुठलं बिऱ्हाड उघडायचं ते ठरवायला
यादीवर दहा सेकंद मिळतात.
बँडसॉनं अण्णांचं एक पेर नेलंय,
बाण खाली-वर करायला त्यांना वेळ लागतो,
इतकी वर्षं मीच उठून दाबून द्यायचे.
आज दहाचे साठ केले.
सांगितलं नाही.

ते खुर्चीत बसलेत. चष्मा शर्टाच्या
कुठल्या खिशात, ते चाचपतायत.
एकेचाळीस.
चाळीस.